कलाकारांचा व्यवस्थापक ते मालिकेचा निर्माता : मुंबईत ही वाट कशी चालावी

मनोरंजनाच्या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या मराठी तरुणांपैकी बहुतेकांना अभिनय, लेखन किंवा दिग्दर्शन करायचे असते. कलाकाराचे व्यवस्थापन पाहायचे आणि त्या अनुभवाच्या बळावर पुढे दूरचित्रवाणी मालिकांची निर्मिती करायची, असे ठरवून येणारा क्वचितच भेटतो. खरे पाहता निर्मितीकडे जाणाऱ्या वाटांपैकी ही सर्वांत भक्कम वाट आहे, असे माझे मत आहे. कारण दहा जणांच्या वेळांचा मेळ घालणे आणि ठरलेले पैसे ठरल्या दिवशी पोहोचवणे ही निर्मात्याची खरी रोजची कामे असतात आणि व्यवस्थापक ती आधीपासून करत असतो. त्याच्याकडे नसते ते भांडवल, आणि ते उभे करण्याची पत त्याला याच कामातून मिळवावी लागते.

अमेरिकेत हा प्रवास चांगलाच रुळलेला आहे. ‘मपेट्स’ या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन आणि ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाचे निर्माते लॉर्न मायकल्स यांचे व्यवस्थापन पाहणारे बर्नी ब्रिलस्टाइन (१९३१-२००८) पुढे स्वतः मोठे निर्माते झाले, हे त्याचे ठळक उदाहरण. कॅलिफोर्नियात कलाकाराला काम मिळवून देणाऱ्या एजंटाला राज्याचा परवाना घ्यावा लागतो. व्यवस्थापक सल्लागाराच्या भूमिकेत असल्यामुळे त्या चौकटीबाहेर राहतो आणि निर्मितीत उतरायला मोकळा असतो. आपल्याकडे कलाकारांच्या व्यवस्थापकासाठी असा परवान्याचा कायदाच नाही. त्यामुळे उद्या कोणीही स्वतःला व्यवस्थापक म्हणवून घेऊ शकतो आणि म्हणूनच आपल्या कामाच्या मर्यादा आपणच लेखी आखून घेणे येथे अधिक आवश्यक ठरते.

आधी कोठे शिकावे

सुरुवात स्वतःच्या संस्थेने करू नये. मुंबईत या कामाच्या दोन उत्तम शाळा आहेत आणि दोन्हींत शुल्क भरावे लागत नाही. पहिली म्हणजे व्यावसायिक नाटक. नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून ज्यांचे नाव छापून येते, त्यांच्या हाताखाली काही महिने काढले, तर नाट्यगृहाच्या तारखा कशा मिळवतात, एका प्रयोगाचा हिशेब रात्री मध्यंतराच्या आसपास कसा मांडला जातो, कलाकाराची ‘नाइट’, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, कशी ठरते आणि पाकीट कोणाच्या हातात आधी जाते, हे सारे डोळ्यांसमोर घडते. दुसरी शाळा म्हणजे मालिकेचा सेट. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढच्या बंगल्यांत, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर किंवा नायगावच्या बाजूला मराठी मालिकांचे चित्रीकरण सतत चालू असते. तेथे निर्मिती साहाय्यक म्हणून किंवा, जमल्यास, शेड्युलिंग पाहणाऱ्याचा मदतनीस म्हणून लागावे. दिग्दर्शनाच्या विभागात जाण्याचा मोह होतो, तो टाळावा. कोणत्या कलाकाराला सकाळी सातचा कॉल आहे, जनरेटर किती वाजता लागणार, बाराव्या तासानंतर कोणाला थांबवले तर काय द्यावे लागते, हे ज्याला पाठ असते तोच पुढे खर्चाचा खरा अंदाज बांधू शकतो.

कलाकार शोधायचे असतील, तर ऑडिशनच्या रांगेपेक्षा एकांकिका स्पर्धांत बसावे. मुंबईतील आयएनटी, पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, चतुरंग प्रतिष्ठानची सवाई या स्पर्धांतून पुढे आलेल्यांची संख्या मराठी मालिकांत आजही मोठी आहे. प्राथमिक फेरीपासून जावे. पारितोषिक मिळाल्यावर त्या मुलामुलींभोवती गर्दी होते. पहिल्या फेरीत पडलेल्या संघातील चांगल्या नटीकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

तारखांची वही

व्यवस्थापकाची पात्रता त्याच्या ओळखींवरून ठरते असे मानले जाते, पण ती ठरते तारखांवरून. मराठी कलाकाराचे वेळापत्रक हिंदीतल्या कलाकारापेक्षा वेगळे आणि अधिक गुंतागुंतीचे असते, कारण तो सोमवार ते शुक्रवार मालिका करतो आणि शनिवार-रविवारी नाटक. शनिवारी दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात प्रयोग, रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, रविवारी सकाळी कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात, असा दौरा एका आठवड्याअखेरीस सहज होतो. नाट्यगृहांच्या तारखा काही महिन्यांच्या एकदम वाटल्या जातात, तर मालिकेचे वेळापत्रक आठवड्यापुरते, अनेकदा आदल्या रात्रीपुरतेच हाती येते. या दोन वेगवेगळ्या गतीने चालणाऱ्या यंत्रणांच्या मधे व्यवस्थापक उभा असतो आणि दोन्हींकडून बोलणी त्यालाच खावी लागतात.

यासाठी वहीत, किंवा सामायिक ऑनलाइन कॅलेंडरमध्ये, तारखांचे तीन प्रकार करावेत : आगाऊ रक्कम मिळालेली पक्की तारीख, लेखी मागणी आलेली राखीव तारीख आणि केवळ फोनवर बोलणे झालेली तारीख. तिसऱ्या प्रकारच्या तारखेला चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांची मुदत द्यावी आणि मुदत संपली की ती मोकळी झाल्याचे समोरच्याला संदेशाने कळवावे. दुसऱ्या कोणी तीच तारीख मागितली, तर आधी पहिल्याला विचारावे. हा शिरस्ता कंटाळवाणा वाटतो, पण ज्या व्यवस्थापकाने दिलेली तारीख कधी फिरत नाही, त्याच्याकडे निर्माते स्वतःहून फोन करतात.

प्रवासाचा वेळही तारखेतच मोजावा. घोडबंदर रस्त्यावरील सेटवरून संध्याकाळी साडेसहाला सुटलेला कलाकार साडेआठच्या प्रयोगासाठी विलेपार्ल्याच्या दीनानाथला वेळेत पोहोचेल, असे कागदावर दिसते. शुक्रवारी ते होत नाही. म्हणून मालिकेच्या करारातच ‘प्रयोगाच्या दिवशी अमुक वाजता सोडण्यात येईल’ असे लिहून घ्यावे आणि महिन्याच्या प्रयोगांची यादी निर्मितीसंस्थेला आधीच ईमेलने द्यावी.

उद्घाटने, दहीहंडी, नवरात्रातील हजेरी अशा सुपाऱ्यांबाबतही वहीच निर्णय देते. त्यांत पैसा रोख आणि चटकन मिळतो हे खरे. तथापि प्रेक्षकांच्या मनात ज्या भूमिकेमुळे कलाकाराची मागणी आहे, त्या मालिकेचा सलग भाग बिघडवून केलेली सुपारी पुढच्या करारात महागात पडते.

करार वाचणे

व्यवस्थापकाचा स्वतःचा कलाकाराशी करार हा पहिला. कमिशन साधारणपणे दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान असते. ते कोणत्या कामावर लागू आहे, तुमच्याकडे येण्यापूर्वी मिळालेल्या कामावर आहे का, करार संपल्यावरही चालू राहिलेल्या मालिकेवर किती काळ मिळेल, हे नमूद करावे. करार संपल्यानंतर कलाकाराने दुसऱ्या व्यवस्थापकाकडे जाऊ नये, असे कलम काही जण हौसेने घालतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यवसायाला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे त्या कलमाचा भरवसा धरू नये. मानधनाचे बिल कलाकाराच्या नावाने निघावे आणि तुमच्या कमिशनचे बिल वेगळे असावे. सगळी रक्कम तुमच्या खात्यातून फिरवली, तर तुमची उलाढाल विनाकारण फुगते, सेवांसाठीची २० लाख रुपयांची जीएसटी नोंदणीची मर्यादा लवकर ओलांडली जाते आणि पैशावरून संशयाला जागा मिळते.

मालिकेच्या करारात पुढील गोष्टींवर बोट ठेवून वाचावे. मानधन ‘पर डे’ आहे की भागाप्रमाणे, आणि पर डे असल्यास महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे. हमी नसेल, तर कलाकाराला दुसरीकडे काम घेता येत नाही आणि इकडे त्याला आठच दिवस बोलावले जाते. शिफ्ट किती तासांची, त्यानंतरचा मोबदला काय, प्रवासखर्च कोणाचा, प्रोमोच्या चित्रीकरणाचे आणि समाजमाध्यमांसाठी केलेल्या रील्सचे वेगळे पैसे आहेत का, दुसऱ्या वाहिनीवर पाहुणा म्हणून जायला परवानगी लागते का. सर्वांत शेवटी, म्हणजे बहुधा कराराच्या मागच्या पानावर, पैसे किती दिवसांनी मिळणार ते असते. दूरचित्रवाणीत नव्वद दिवसांची पद्धत रूढ आहे. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिल-मेमध्ये येणार, हे नवोदित कलाकाराला आणि त्याच्या घरच्यांना व्यवस्थापकाने पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावे. नाशिकहून किंवा सांगलीहून आलेल्या मुलीचे तीन महिन्यांचे घरभाडे कोठून येणार, हा प्रश्न करारापेक्षा लहान नाही.

कलाकार लहान मूल असेल, तर नियम अधिक कडक आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. बालकामगार कायद्यातील २०१६ची दुरुस्ती आणि २०१७चे नियम यांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपलीकडे कामावर ठेवता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावी लागते. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. ‘आई सेटवर आहेच की’ हे त्याचे उत्तर होत नाही.

निर्मितीकडे वळताना

मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास थोडक्यात ठाऊक असावा, कारण त्यातून निर्मात्याचे स्थान कसे बदलत गेले ते कळते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे प्रायोजित मालिकांच्या काळात निर्माता स्वतः प्रायोजक शोधत असे आणि जाहिरातीच्या वेळेवर त्याचे उत्पन्न अवलंबून असे. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी), २००० मध्ये ईटीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी), २००८ मध्ये स्टार प्रवाह आणि २०१८ मध्ये सोनी मराठी आली आणि खासगी वाहिन्यांबरोबर मालिका वाहिनीने ‘कमिशन’ करण्याची, म्हणजे पैसे देऊन निर्मात्याकडून करवून घेण्याची, पद्धत घट्ट झाली. या पद्धतीत वाहिनी भागामागे ठरलेली रक्कम देते आणि मालिकेचे हक्क बहुधा स्वतःकडे ठेवते. निर्मात्याकडे उरते ती ठरलेल्या रकमेतून खर्च वजा जाता शिल्लक. यशस्वी मालिकेचा निर्माता म्हणजे गडगंज माणूस, ही समजूत या रचनेत टिकत नाही.

तरीही ज्यांनी येथे बस्तान बसवले, त्यांच्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. स्मिता तळवलकर या मुंबई दूरदर्शनवरील वृत्तनिवेदिका. त्या निर्मितीत उतरल्या आणि ‘अस्मिता चित्र’द्वारे त्यांनी चित्रपटांबरोबरच ‘अवंतिका’सारखी मालिका उभी केली. महेश कोठारे बालकलाकार, मग चित्रपटांचे निर्माते-दिग्दर्शक, आणि २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ घेऊन मालिकांच्या निर्मितीत ठळकपणे आले. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’च्या निमित्ताने घराघरांत गेलेले आदेश बांदेकर पुढे मालिकांचे निर्माते झाले. तिघांच्याही मागे काही वर्षांची ओळख होती : प्रेक्षकांशी आणि वाहिनीतील निर्णय घेणाऱ्यांशी. व्यवस्थापकाला प्रेक्षक ओळखत नसतात. त्याची सगळी मदार दुसऱ्या ओळखीवर असते आणि ती त्याने दुसऱ्यांसाठी तारखा सांभाळतानाच कमावलेली असते.

वाहिनीकडे जाताना नुसती कल्पना घेऊन जाऊ नये. एक पानाचा गोषवारा, मुख्य पात्रांची शब्दचित्रे, पहिल्या आठवड्यांतील भागांची सविस्तर रूपरेषा, पुढील काही महिन्यांच्या कथेचा आराखडा आणि दोन भागांची संवादांसह पटकथा, इतके तयार ठेवावे. वाहिनीवर कोणती वेळ रिकामी होणार आहे आणि त्या वेळी इतर वाहिन्यांवर काय चालले आहे, हे आधी पाहावे. दर गुरुवारी येणारे बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे वाचण्याची सवय व्यवस्थापकाच्या काळापासूनच लावावी. संध्याकाळी साडेसहाची गोष्ट आणि रात्री साडेदहाची गोष्ट एकच नसते.

कल्पना चोरीला जाण्याची भीती सर्वांना वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. केवळ कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात स्पष्ट केले. पण विश्वासाने सांगितलेली, पुरेशी विकसित झालेली संकल्पना वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स (२००३) या प्रकरणात मनाई कायम ठेवली. याचा व्यवहारातील अर्थ इतकाच की गोष्ट जितकी तपशीलवार लिहिलेली, तितके तिचे रक्षण सोपे. लेखन स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावे, दस्तऐवज ईमेलने पाठवावा आणि बैठक संपल्यावर ‘आज आपण या संकल्पनेवर बोललो’ असा साधा मजकूर त्याच दिवशी धाडावा.

लेखकाकडून हक्क घेताना निर्माता म्हणून तुम्ही दुसऱ्या बाजूला बसता, हे विसरू नये. स्वामित्वहक्क कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो आणि वेगळे ठरले नसेल तर एका वर्षात न वापरलेले हक्क लेखकाकडे परत जातात. एखाद्या कादंबरीवरून मालिका करायची असेल, तर प्रकाशकाशी नव्हे, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याशी करार करावा. लेखक हयात नसल्यास सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात.

आता नाजूक भाग. तुम्ही ज्याचे व्यवस्थापन पाहता, त्याच कलाकाराला तुमच्या मालिकेत घेतले, तर त्याचे मानधन वाढवणे हे तुमचे एक कर्तव्य आणि ते आटोक्यात ठेवणे हे दुसरे. अमेरिकेत अशा वेळी व्यवस्थापकाने त्या कामावर कमिशन घेऊ नये, असा संकेत आहे, आणि मला तो आपल्याकडेही जसाच्या तसा पाळण्याजोगा वाटतो. कमिशन माफ करावे, कलाकाराला स्वतंत्र वकील घेण्यास लेखी सुचवावे आणि वाहिनीलाही हे नाते आधीच सांगावे. काही जण आपल्या यादीतील पाच कलाकार एकाच मालिकेत भरतात. त्यात भूमिकेची निवड बाजूला पडते आणि यादीबाहेरचे चांगले नट तुमच्या संस्थेकडे फिरकेनासे होतात.

पैशाचे गणित

उदाहरणादाखल धरून चालू की एका भागाचा खर्च दोन लाख रुपये आहे आणि आठवड्याचे सहा दिवस मालिका दिसते. महिन्याला २६ भाग म्हणजे ५२ लाख. वाहिनीचे पैसे नव्वद दिवसांनी येत असतील, तर पहिला धनादेश हाती येईपर्यंत एक कोटी ५६ लाख रुपये बाहेर गेलेले असतात, शिवाय सेटचा खर्च त्याहीआधी झालेला असतो. त्यात बिल काढले की १८ टक्के जीएसटीची जबाबदारी लगेच सुरू होते, पैसे आले असोत वा नसोत. खरेदीवरील कर वजा झाला तरी काही रक्कम खिशातून भरावीच लागते. रोजंदारीवरील लाइटमन, सेटिंगवाले, स्पॉट दादा, जेवण आणि डिझेल यांना नव्वद दिवस थांबवता येत नाही. म्हणून पहिली मालिका एकट्याने घेण्यापेक्षा ज्याच्याकडे खेळते भांडवल आहे अशा निर्मितीसंस्थेबरोबर सहनिर्माता म्हणून करावी, नफ्यातील वाटा कमी मिळाला तरी. राहते घर तारण ठेवून पहिली दैनंदिन मालिका करणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

खर्च कोठे आटोक्यात येतो? कलाकारांचे मानधन कापून फारसा नाही. तो येतो प्रसारणाआधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांच्या ‘बँके’तून. दहा-बारा भाग हातात असले, की प्रमुख नटी आजारी पडली तरी रात्रपाळी, जादा युनिट आणि घाईतले संकलन टळते. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणे थांबली, तेव्हा बँक किती दिवसांची होती यावर नवे भाग किती दिवस दिसतील हे ठरले आणि मग सर्वत्र जुनेच भाग लागले. बँक तयार होते ती पटकथा वेळेवर आल्यामुळे. त्यामुळे लेखकांचे पैसे अडवून ठेवणारा निर्माता स्वतःचाच खर्च वाढवत असतो.

मालिका बंद होणे हाही कामाचाच भाग आहे. वाहिनीने किती दिवस आधी सूचना द्यायची, हे पहिल्या करारातच ठरवून घ्यावे आणि तितकीच मुदत कलाकार, जागेचे मालक आणि उपकरणे भाड्याने देणारे यांच्या करारांत ठेवावी, म्हणजे वाहिनीचे उत्पन्न थांबल्यावर तुमची देणी चालू राहत नाहीत. सूचना आली की ती त्याच दिवशी सर्व युनिटला सांगावी. सेटवर बातमी वाऱ्यासारखी पसरते आणि निर्मात्याने लपवल्याचे कळले की शेवटचे भाग कोणी मनापासून करत नाही. सर्व देणी फिटल्याची ना हरकत पत्रे शेवटी एकदम गोळा करू नयेत. दर महिन्याच्या देयकाबरोबरच कलाकार आणि तंत्रज्ञ यांच्याकडून रक्कम पोहोचल्याची सही घेत जावे, चित्रीकरणाच्या हार्ड डिस्क वाहिनीकडे सुपूर्द केल्याची पोच तारखेनिशी ठेवावी आणि भाड्याने आणलेले दागिने व कपडे परत केल्याची यादी त्याच फाइलला लावावी, म्हणजे वाहिनीकडील अंतिम देयक या कागदांसाठी अडून राहत नाही.